गगनविहारिणी बेसी कोलमन

अमेरिकेच्या दक्षिणेस टेक्सस नावाचे विस्तीर्ण राज्य आहे. तेथील काळी जमीन कापसाच्या पिकासाठी प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात कापसाची बोंडे फुटू लागली, की कृष्णवर्णीय मुलांची शाळा ओस पडे. पाटी-पुस्तक घरी ठेवून मुले आईबापांबरोबर वेचणीला जात आणि सगळा कापूस घरी आल्यावरच पुन्हा वर्गात बसत. अशाच एका शेतात पाठीवर ओझे घेऊन कापूस वेचणारी एक मुलगी पुढे विमान चालवू लागली. जगात आपल्या वंशाच्या कोणत्याही स्त्रीला तोवर न मिळालेला वैमानिकाचा परवाना तिने मिळविला. तिचे नाव बेसी कोलमन. तिच्या धाडसाची कीर्ती मोठी आहे. परंतु तिच्या आयुष्यात धाडसाइतकीच आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती इंजिनाशी व हत्यारांशी निगडित आहे. या लेखात दोहोंचीही ओळख करून घ्यावयाची आहे.

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी टेक्ससमधील अटलांटा या लहानशा गावी झाला. जॉर्ज आणि सुसान कोलमन यांच्या तेरा अपत्यांपैकी ती दहावी. वडिलांच्या अंगी आफ्रिकी रक्ताबरोबर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचेही रक्त होते. ती दोन वर्षांची असताना कुटुंब वॉक्सहॅची या गावी येऊन राहिले. कसायला जमीन दुसऱ्याची आणि पिकाचा मोठा वाटा त्याचाच, अशी त्यांची स्थिती होती. दक्षिणेतील वर्णभेदाचा काच असह्य होऊन १९०१ साली वडील घर सोडून निघून गेले. मोठी मुलेही एकेक करून बाहेर पडली. आई सुसान दुसऱ्यांच्या घरी राबू लागली आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ बेसीच्या अंगावर आला.

अशाही परिस्थितीत तिने शिक्षण सोडले नाही. कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेली एका खोलीची शाळा घरापासून चार मैलांवर होती. तेथवर ती रोज पायी जाई. वाचनाची तिला विलक्षण गोडी आणि गणितात तर ती पहिल्यापासून हुशार. त्या शाळेतील आठही इयत्ता तिने पुऱ्या केल्या. पुढे पैपैसा साठवून वयाच्या अठराव्या वर्षी, १९१० साली, ती ओक्लाहोमातील लँग्स्टन येथील महाविद्यालयात दाखल झाली. परंतु साठविलेले पैसे एका सत्रातच संपले. घरी परत येण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि नशिबी पुन्हा मोलमजुरीच आली.

तेविसाव्या वर्षी तिने धीर करून शिकागोची वाट धरली. तेथे तिचे भाऊ राहत होते. एका केशकर्तनालयात गिऱ्हाइकांच्या नखांची निगा राखण्याचे काम तिने पत्करले. त्याच सुमारास युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते. पुढे युद्धावरून परतलेले सैनिक दुकानात बसून तेथील हकिगती सांगत. त्यांत विमानांच्या गोष्टीही असत. बेसीचा भाऊ जॉन फ्रान्समध्ये जाऊन आला होता. तिकडच्या बायका विमाने चालवितात, तुला ते कुठून जमणार, अशी तो तिची चेष्टा करी. भावाने सहज केलेली ही थट्टा बहिणीच्या मनाला लागली. आपणही विमान चालवायचे, असा तिने निश्चय केला.

निश्चय केला खरा, पण शिकविणार कोण? अमेरिकेतील विमानविद्येच्या शाळांचे दरवाजे तिला बंद होते. ती स्त्री होती आणि कृष्णवर्णीयही होती. यांपैकी एक कारणही नकारासाठी पुरेसे असे, तिच्यापाशी तर दोन्ही होती. अशा वेळी रॉबर्ट अॅबट या गृहस्थांनी तिला मार्ग दाखविला. शिकागो डिफेंडर या कृष्णवर्णीयांच्या सुप्रसिद्ध वृत्तपत्राचे ते संस्थापक. फ्रान्समध्ये असा भेद पाळीत नाहीत, तेव्हा फ्रेंच भाषा शिकून तिकडेच जावे, असा सल्ला त्यांनी दिला. दिवसभर दुकानात काम करून बेसी फ्रेंचच्या वर्गाला जाऊ लागली. स्वतःची शिल्लक आणि अॅबट व जेसी बिंगा नावाचे पेढीवाले यांचे साहाय्य यांवर प्रवासाची तजवीज झाली. नोव्हेंबर १९२० मध्ये ती बोटीने फ्रान्सला निघाली.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ल क्रोत्वा या गावी कोद्रों बंधूंची नामांकित विमानशाळा होती. बेसी तेथे शिकू लागली. शिकण्याचे विमान न्यूपोर जातीचे, एकावर एक अशा दुहेरी पंखांचे होते. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले कापड आणि सारे एकत्र धरून ठेवणाऱ्या तारा, अशी त्याची बांधणी. अशा नाजूक यंत्रात बसण्यापूर्वी पंख, खांब, तारा, कापड आणि इंजिन बारकाईने तपासून पाहण्याचा धडा प्रत्येक विद्यार्थ्याला गिरवावा लागे. बेसीच्या डोळ्यांदेखत तिच्या एका सहाध्यायाचा विमान कोसळून मृत्यू झाला. तिच्या मनाला जबर धक्का बसला, तरी तिने शिक्षण अर्धवट टाकले नाही. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय वैमानिक संघटनेचा परवाना मिळाला. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या अमेलिया इअरहार्टला हाच परवाना त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी मिळाला, हे ध्यानात घेतले म्हणजे बेसीच्या यशाची थोरवी कळून येते.

मायदेशी परतल्यावर वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले. पण कौतुकाने पोट भरत नाही. नियमित प्रवासी विमानवाहतूक त्या काळी बाल्यावस्थेत होती. वैमानिकाला उपजीविकेचा एक मार्ग म्हणजे जत्रेच्या मैदानांवर विमानाच्या कसरती करून दाखविणे. त्यासाठी लागणारे वरचे शिक्षण घेण्याकरिता १९२२ च्या प्रारंभी बेसी पुन्हा युरोपात गेली. फ्रान्स, हॉलंड व जर्मनी या देशांत राहून तिने ते पुरे केले. त्याच वर्षी ३ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कजवळच्या मैदानावर तिचा पहिला जाहीर प्रयोग झाला. महायुद्धात लढून आलेल्या कृष्णवर्णीय पलटणीच्या सन्मानार्थ तो योजिला होता. पाठोपाठ शिकागोलाही तिच्या कसरती झाल्या. आकाशात गिरक्या घेणारे, जमिनीच्या दिशेने झेपावून ऐन वेळी वर उसळणारे ते विमान पाहून प्रेक्षक थक्क होत.

तथापि टाळ्या मिळविणे हे तिचे ध्येय नव्हते. जे शिक्षण मिळविण्यासाठी आपणास समुद्र ओलांडावा लागला, ते आपल्या बांधवांना स्वदेशातच मिळावे, अशी तिची तळमळ होती. कृष्णवर्णीय तरुण-तरुणींसाठी विमानविद्येची शाळा काढावयाची, हे तिचे स्वप्न. ठिकठिकाणी व्याख्याने देऊन, आपल्या उड्डाणांचे चित्रपट दाखवून ती लोकांना या विद्येची गोडी लावी. पैशांची गरज मोठी असतानाही तिने स्वाभिमान विकला नाही. एका चित्रपटात तिला प्रमुख भूमिका देऊ करण्यात आली होती. पहिल्याच प्रसंगात फाटकी वस्त्रे नेसून, हाती काठी व पाठीवर बोचके घेऊन यावयाचे आहे असे कळताच ती तेथून निघून गेली. आपल्या समाजाचे असे हीनदीन चित्र रंगविण्यास हातभार लावणे तिला पटले नाही.

शाळा काढावयाची तर निदान एक विमान तरी स्वतःचे हवे. नवे विमान घेण्याची ऐपत नव्हती. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने आपली जुनी शिकाऊ विमाने मोठ्या संख्येने विकावयास काढली होती. कर्टिस कंपनीच्या या विमानांना लोक लाडाने जेनी म्हणत. कॅलिफोर्नियात जाऊन बेसीने असेच एक जुने जेनी चारशे डॉलरना खरेदी केले.

या जेनीचे इंजिन कसे होते, ते येथे थोडे समजावून घेतले पाहिजे. आठ सिलिंडरांचे, पाण्याने थंड राहणारे ते इंजिन नव्वद अश्वशक्तीचे होते. आजच्या लहान विमानांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन ठिणग्या पुरविणाऱ्या दोन स्वतंत्र योजना असतात. एक बंद पडली तरी दुसरी काम निभावून नेते. जेनीच्या इंजिनात मात्र ठिणगी देणारा मॅग्नेटो एकच होता. तो थांबला की इंजिन थांबले. झडपा हलविणारे दांडे उघड्यावर असत आणि त्यांना वरचेवर हाताने वंगण द्यावे लागे. थंड करणाऱ्या पाण्याची गळती लागली तर इंजिन तापे. पेट्रोलात पाणी वा कचरा गेला तर नळी तुंबे. थोडक्यात, हे इंजिन वाईट नव्हते. परंतु रोजच्या रोज निगा राखणाऱ्या हातांवर ते सर्वस्वी अवलंबून होते.

४ फेब्रुवारी १९२३ हा दिवस उजाडला. लॉस एंजलिसच्या मैदानावर बेसीच्या कसरती पाहण्यासाठी लोक जमले होते. नव्याने घेतलेले विमान घेऊन तिने सँटा मोनिकाहून उड्डाण केले. विमान सुमारे तीनशे फूट उंचीवर गेले असेल नसेल, तोच इंजिन बंद पडले आणि विमान जमिनीवर कोसळले. बेसीचा पाय मोडला, बरगड्यांना इजा झाली, अंगावर जखमा झाल्या. विमानाचा तर चक्काचूर झाला.

आकाशात उंच असताना इंजिन थांबले तर वैमानिक वाचतो आणि तीनशे फुटांवर थांबले तर विमान कोसळते, हे कसे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे. इंजिन थांबताच विमान दगडासारखे खाली पडत नाही. नाक किंचित खाली करून वेग राखला, तर ते घारीप्रमाणे तरंगत उतरू शकते. मात्र त्यासाठी उंची आणि वेळ ही दोन्ही गाठीशी असावी लागतात. उड्डाणाच्या प्रारंभी नेमकी यांचीच टंचाई असते. विमानाचे नाक वर केलेले, वेग बेताचा, जमीन अगदी जवळ आणि इंजिन पूर्ण जोराने चाललेले. ते अशा वेळी थांबले की वेग झपाट्याने घटतो. वेग ठराविक मर्यादेखाली गेला की पंखांचे उचलण्याचे बळच नाहीसे होते. वैमानिकाला वाटते, वळून मैदानावर परत जावे. परंतु वळण घेण्यास अधिक वेग लागतो आणि वळताना उंचीही खर्च होते. या मोहापायी कितीतरी वैमानिकांनी प्राण गमावले आहेत. म्हणूनच उड्डाणाच्या वेळी इंजिन थांबल्यास तत्काळ नाक खाली करावे आणि समोर जी बरी जागा दिसेल तेथे सरळ उतरावे, असे नवशिक्या वैमानिकाला आजही बजावतात. अर्थात यापेक्षाही उत्तम उपाय म्हणजे इंजिन थांबूच नये अशी काळजी जमिनीवर असतानाच घेणे. उड्डाणापूर्वी इंजिन जोराने चालवून, त्याचा आवाज, उष्णता व वंगणाचा दाब पाहून मगच चाके सोडण्याचा नियम याचसाठी आहे.

बेसीला कित्येक आठवडे इस्पितळात काढावे लागले. विमान गेले, पैसा गेला, पाय प्लास्टरमध्ये अडकला. एखाद्याने या धंद्याला रामराम ठोकला असता. तिने मात्र आपल्या चाहत्यांना तारेने कळविले, की चालता येऊ लागताच आपण पुन्हा उड्डाण करणार. तिने शब्द पाळला. १९२५ साली ती आपल्या टेक्सस राज्यात परतली आणि १९ जून रोजी ह्यूस्टन येथे तिने कसरती केल्या. ज्या दिवशी टेक्ससमधील गुलामांना मुक्तीची वार्ता कळली, त्याचा तो स्मरणदिन होता. पुढे बालपणीच्या वॉक्सहॅचीतही तिचा प्रयोग ठरला. मैदानावर गोऱ्यांसाठी एक दरवाजा आणि कृष्णवर्णीयांसाठी दुसरा, असा बेत चालकांनी केला होता. सर्वांना एकाच दरवाजाने आत घेणार नसाल तर आपण उडणार नाही, असे बेसीने निक्षून सांगितले. आत बसण्याच्या जागा वेगळ्याच राहिल्या, पण दरवाजा एक झाला. ज्या गावात तिने कापूस वेचला, त्या गावाला तिच्यापुढे एवढे तरी नमते घ्यावे लागले.

शाळेसाठी पैसा जमविण्याचा तिचा उद्योग चालूच होता. फ्लॉरिडा राज्यात राहून तिने त्यासाठी एक सौंदर्यप्रसाधनाचे दुकानही काढले. अखेर तिने आणखी एक जेनी विकत घेतले. तेही जुनेच. विल्यम विल्स नावाचा चोवीस वर्षांचा तरुण यंत्रज्ञ ते टेक्ससमधील डॅलसहून फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे घेऊन आला. वाटेत इंजिनाच्या बिघाडामुळे त्याला एकाहून अधिक वेळा मध्येच उतरावे लागले होते. विमानाची ही दशा पाहून बेसीच्या हितचिंतकांना काळजी वाटली, पण १ मे १९२६ रोजी प्रयोग ठरलेला होता. त्यात हवाई छत्रीने उडी घेण्याचाही तिचा विचार होता.

आदल्या दिवशी, ३० एप्रिलच्या सकाळी, उडीची जागा वरून पाहून ठेवावी म्हणून ती विल्ससह निघाली. विमान विल्स चालवीत होता. खाली नीट वाकून पाहता यावे म्हणून बेसीने कमरेचा पट्टा बांधला नव्हता. उड्डाण सुखरूप झाले. परंतु सुमारे दहा मिनिटांनी विमानाने अकस्मात खाली मुसंडी मारली आणि ते गिरक्या खाऊ लागले. पट्टा नसलेली बेसी बाहेर फेकली गेली आणि जमिनीवर पडून तत्क्षणी गतप्राण झाली. विल्सला विमान सावरता आले नाही. तोही विमानाबरोबर कोसळून मरण पावला. बेसीचे वय तेव्हा अवघे चौतीस वर्षांचे होते.

अवशेषांचा शोध घेता अपघाताचे कारण उघडकीस आले. इंजिनाच्या दुरुस्तीसाठी वापरलेला एक पाना आत तसाच राहून गेला होता. तो सरकत जाऊन नियंत्रणाच्या यंत्रात अडकला आणि विमान चालकाच्या हाताला जुमानेनासे झाले. एका वीराचे आणि एका होतकरू तरुणाचे प्राण घ्यावयास एक पाना पुरला.

या मृत्यूचा दोष बिचाऱ्या विल्सच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. इंजिनाने वाटेत वारंवार दगा दिल्यावर घाईघाईने दुरुस्ती करण्याची पाळी त्याच्यावर आली होती. इंजिन असे का झाले? कारण विमान जुने व झिजलेले होते. आणि बेसीने जुने विमान का घेतले? कारण ज्या देशाने तिला शिकू दिले नाही, त्या देशात चांगल्या विमानापुरता पैसा मिळविणेही तिला दुष्कर होते. तरीही यातून दुसरे एक सत्य निसटू देता कामा नये. यंत्राला माणसाची हलाखी समजत नाही, त्याचा पराक्रमही समजत नाही. श्रीमंताचे असो की गरिबाचे, इंजिन आपल्या निगेचा हिशेब चोख मागते. आज विमानांच्या कार्यशाळांत प्रत्येक हत्याराची जागा फळीवर त्याच्या आकृतीने आखलेली असते. काम संपले की हत्यारे मोजतात. एक जरी जागा रिकामी दिसली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान हलू देत नाहीत. हा नियम कोणाला अतिरेकी वाटला, तर त्याने बेसी कोलमनचे स्मरण करावे.

तिची अंत्ययात्रा शिकागोला निघाली, तेव्हा हजारो लोक लोटले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झगडलेल्या आयडा वेल्स यांनी त्या सोहळ्याचे अध्यक्षपद भूषविले. बेसीची शाळा तिच्या हातून उभी राहिली नाही, पण स्वप्न विरले नाही. १९२९ साली विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजलिस येथे तिच्या नावाने वैमानिक मंडळ स्थापन केले. १९३१ पासून शिकागोचे कृष्णवर्णीय वैमानिक तिच्या समाधीवरून विमाने नेऊन तिला मानवंदना देऊ लागले. १९९२ साली मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री अंतराळात गेली. तिने बेसीचे छायाचित्र सोबत नेले होते. १९९५ साली अमेरिकेच्या टपालखात्याने बेसीचे तिकीट काढले. ज्या देशात तिला विमानशाळेच्या उंबरठ्याच्या आत येऊ दिले नव्हते, त्या देशाची पत्रे तिचे चित्र मिरवीत घरोघर गेली.

विद्यार्थी मित्रांनो, बेसीपासून धैर्य तर आपण शिकूच. चार मैल चालत जाऊन शिकणे, परकी भाषा आत्मसात करणे, मोडलेला पाय बरा होताच पुन्हा उड्डाणाला सिद्ध होणे, हे सारे अनुकरणीय आहे. परंतु तिच्या अखेरच्या सकाळी हरवलेला तो पानाही विसरू नका. तुमच्यापैकी कोणी उद्या इंजिनिअर होईल, कोणी मोटारी दुरुस्त करील, कोणी परिचारिका वा शिक्षक होईल. काम कोणतेही असो, ते संपल्यावर क्षणभर थांबून आपली हत्यारे मोजून पाहावी. कोणाचा तरी जीव त्यावर विसंबून आहे, आणि तो माणूस आपल्या ओळखीचाही नसेल.